मावशीचा नियम

१२ जून, सोमवार

सगळ्यांना विचारणार. मला नाही!

मुख्याध्यापकांना विचारणार, शिक्षकांना विचारणार, पालकांना, मुलांना, मुलींना. शाळा समितीवरच्या त्या ढेकरा देणाऱ्या माणसाला सुद्धा विचारणार. सहा गट, सहा रंगांचे कागद. यादी टेबलावर पडली होती. चष्मा पुसून दोनदा वाचली. शिपाई नाही. एकतीस वर्षं त्या शाळेची घंटा मी मारली. मी मारली म्हणून तास सुरू झाला, मी मारली म्हणून सुटला. आणि संशोधन करणार माझी सख्खी नात!

"अगं आजी, तू कुठल्याच गटात बसत नाहीस. गट गाईड मॅडमनी ठरवून दिलेत."

"मग मी कशात बसते? बाकांत?"

हसली. लेकीची पोर, हसली की हुबेहूब लेकीसारखी दिसते. वर माझा गाल ओढला. दोन महिने माझ्याकडे राहायला आली आहे, शाळा इथून वीस मिनिटांवर म्हणून. विषयाचं नाव एका दमात म्हणता येत नाही. सरकारी शाळेचं प्रशासन आणि विद्यार्थ्यांचं जीवन, असं काहीतरी. पुरं झालं की डॉक्टर होणार म्हणे. म्हटलं, ताप आला तर तुझ्याकडे येऊ का? नाही म्हणाली. मग काय उपयोग!

गाईडबाईनं ऐन वेळी एक प्रश्न वाढवला, म्हणून छापलेल्या दोनशे प्रश्नावल्या बाद झाल्या. रद्दीत टाकणार होती. मी काढून घेतल्या. एका बाजूला हिचे प्रश्न, दुसरी बाजू कोरी. कोऱ्या बाजूवर मी लिहिते आहे. माझ्या गटाला रंगीत कागद नाही, पाठकोरा आहे. चालेल.

१३ जून

गाईडबाईचा फोन तीनदा. ती बाई बोलत नाही, लाल शाईनं खुणा करते.

१५ जून, गुरुवार

नात आज दिवसभर शाळेच्या रेकॉर्डच्या खोलीत होती. आली ती शिंकतच. केसांत जाळी, नखांत काळं. म्हणाली, उंदरांनी तीन वर्षांची हजेरी खाल्ली आहे. म्हटलं, उंदीरच रोज हजर असायचे, त्यांचा हक्क आहे.

मग मोबाईलवर फोटो दाखवले. शाळा सोडल्याचं रजिस्टर. शेवटचा रकाना, सोडण्याचं कारण. मुलांची कारणं वेगवेगळी आहेत. बदली, दुसरी शाळा, नापास. मुलींच्या नावांपुढे खालपासून वरपर्यंत एकच. घरगुती कारण. घरगुती कारण. घरगुती कारण. पानंच्या पानं.

"आजी, हे विचित्र नाही? सहावी-सातवीतच गळती आहे सगळी. आणि शाई बघ, एकच."

शाई एकच असणार. वर्षाअखेरीला दुपारी कारकून पाय स्टुलावर टाकून बसायचा आणि एकाखाली एक लिहीत जायचा. मध्ये कान कोरायचा, त्याच बोटांनी पान उलटायचा. मी समोर उभी असायची, चहाचा कप परत न्यायला. कप सुद्धा असा देणार की उष्टं माझ्या अंगठ्याला लागेल! आठवलं की अजून हात धुवावासा वाटतो.

हे मी बोलून गेले. नातीचे डोळे लकाकले. "आजी! हे रेकॉर्डवर सांगशील?"

"आधी मी कुठल्या गटात ते सांग."

तिनं मोबाईल उपडा ठेवला. मी भांडी घासायला उठले.

१७ जून, शनिवार

आज हिनं आठवीच्या मुलींशी बोलणं केलं. घरी येऊन मला सांगत होती, पाय वर घेऊन, हातात चहा.

"आजी, तुला खरं वाटणार नाही. मुली सकाळपासून पाणीच पीत नाहीत. शाळेत संडास आहे, टाइल्स लावलेला, पण त्याला कायम कुलूप. तपासणीला कोणी येणार असेल त्या दिवशी उघडतात. आणि मुलींनी त्याला नाव दिलंय — मावशीचा नियम!"

मी म्हटलं, "कोण मावशी?"

"मुलींना कुणालाच माहीत नाही. आत्ताची सेविका पण सांगत नाही, नुसतं म्हणते, फार पूर्वीपासून असंच म्हणतात. भारी नाव आहे ना? मी एका प्रकरणाला हेच नाव देणार आहे."

मी तिचा कप घेतला. अर्धा भरलेला होता. तसाच मोरीत ओतला आणि घासत बसले.

कोण मावशी! इथे बसून तुझी कपबशी घासते आहे ती मावशी.

लिहून टाकते. तेव्हा संडास नवा होता. चार खण, दारं हिरवी. आत नळ नव्हता. पाणी मागच्या टाकीतून, बादल्या मी ओढायची. तपासणीला साहेब आला, त्यानं नाकाला रुमाल लावला आणि मुख्याध्यापकाला सगळ्यांसमोर झापलं. आम्ही त्या मुख्याध्यापकाला इस्त्री म्हणायचो, कपड्याला कधी सुरकुती नाही म्हणून. दुसऱ्या दिवशी इस्त्रीनं माझ्या हातात कुलूप ठेवलं. "मावशी, तपासणीच्या दिवशी उघडायचं. बाकी बंद. आणि लक्षात ठेवा, एकीला किल्ली दिली की सगळ्यांना द्यावी लागेल."

किल्ली मी दोरीत ओवून गळ्यात घातली.

खोटं कशाला लिहू? मला बरं वाटलं. चार संडास धुवायचे वाचले. दिवसाच्या सोळा बादल्या वाचल्या. त्या मुलींचं पुढे काय होतं हे बघणं माझ्या कामात नव्हतं. कामात नव्हतं! हे वाक्य इस्त्रीचं. ते माझ्या तोंडी बसलं आणि मी ते निवृत्त होईपर्यंत चघळलं. आता त्याची चव घाण लागते.

१८ जून

नात विचारते, आजी तू गप्प का. म्हटलं, कवळी टोचते.

२१ जून, बुधवार

नात डबा विसरली. त्याचं निमित्त करून गेले. निवृत्त झाल्यापासून फाटकाच्या आत पाऊल टाकलं नव्हतं.

घंटा गेली. आता भोंगा आहे, आपोआप वाजतो. भिंतीवर हसऱ्या मुलांची चित्रं. त्या चित्रातल्या मुलींच्या हातात पुस्तक आणि पाण्याचा पेला! कुणी काढलं असेल त्यानं एकदा मागच्या बाजूला जाऊन यावं.

मी गेले मागच्या बाजूला. टाइल्स आहेत. नळ पण आहे. दारावर संगमरवरी पाटी, कुणाच्या तरी हस्ते उद्घाटन. पाटीखाली कुलूप.

सेविका धावत आली. माझ्या जागेवर लागलेली, तेव्हा पोरसवदा होती, आता पोट सुटलंय. "मावशी! या या या! किती वर्षांनी!" गळ्यात दोरी. दोरीत किल्ली. मला उचलून दाखवली, बक्षीस मिळाल्यासारखी. "बघा, तुमचीच पद्धत चालवते आहे. एवढ्या शिकलेल्या मुख्याध्यापिका बाई आल्या नि गेल्या, पण नियम तुमचा."

मी कुलपावर बोट ठेवलं.

"उघड."

"आज? आज तपासणी नाही मावशी."

"मला लागली आहे."

"मग स्टाफच्याला जा ना. तुम्ही आपल्याच."

आपल्याच! नाही गेले. डबा तिच्या हातात दिला आणि निघाले. उन्हातून वीस मिनिटं. वाटेत दोनदा भिंतीला टेकले. घरापर्यंत जमेल असं वाटलं होतं. दारात किल्ली लावताना जमलं नाही. वय बहात्तर. स्वतःचा उंबरठा स्वतः पुसला.

त्या पोरी सहा तास काढतात.

२४ जून, शनिवार

नातीला इस्त्रीची मुलाखत मिळाली! केव्हापासून मागे लागली होती. फार आनंदात. "आजी, त्यांच्याच काळात गळती सगळ्यात जास्त आहे. त्यांनी हो म्हटलं हेच विशेष."

म्हटलं, "त्याला काय आठवणार आहे? म्हातारा झाला."

"तुझ्याहून दोनच वर्षांनी मोठे आहेत."

"मग मला काय आठवतंय?"

माझ्याकडे बघत राहिली. हुशार आहे. हुशार माणूस घरात असणं म्हणजे दिवा तोंडावर धरल्यासारखं.

तिनं त्याला आपण कोण ते सांगितलेलं नाही. विद्यापीठातून आले, एवढंच.

२८ जून, बुधवार

दुपारी आली. चपला न काढता आत आली, कधी असं करत नाही. टेबलावर ते रेकॉर्डिंगचं यंत्र ठेवलं, बटण दाबलं आणि समोर बसली.

इस्त्रीचा आवाज. अजून तसाच, घडी घातलेला.

"शिस्त म्हणजे काय हे आमच्या शिपाईबाईंकडून शिकावं. मावशी म्हणायचो आम्ही. त्यांची स्वतःची मुलगी शाळेत होती, सातवीत. तिला सुद्धा किल्ली दिली नाही त्यांनी! मुलगी रडत होती म्हणे. पण नाही म्हणजे नाही. मी प्रार्थनेच्या वेळी सगळ्या शाळेसमोर त्यांचं कौतुक केलं. अशी माणसं आता कुठे मिळतात?"

यंत्र बंद केलं.

"आजी. ती मुलगी म्हणजे आई?"

"हो."

"आईनं किल्ली मागितली होती?"

म्हटलं, "भाजी लागली वाटतं," आणि आत गेले. शेगडी पेटवलेली सुद्धा नव्हती. तिला ते तिथून दिसत होतं.

२९ जून, गुरुवार

लिहिते. एकदाच लिहीन.

शाळेत मला आई म्हणायचं नाही, हा नियम इस्त्रीचा नव्हता, माझाच. बाकीच्या मुलींसारखं मावशी म्हणायचं. शिपायाची मुलगी म्हणून कुणी बोट दाखवायला नको, आणि मी तिला झुकतं माप देते असंही कुणी म्हणायला नको. मला त्याचा अभिमान होता. किती? त्या गळ्यातल्या दोरीएवढा.

तिसरा तास. मी घंटेखाली स्टुलावर बसले होते. ती मैदानातून आली. धावत नाही, अशी पाय आवळून. म्हणाली, "आई, एकदाच दे."

म्हटलं, "इथे आई नाही. वर्गात जा."

"मावशी, एकदाच द्या."

हे तिनं म्हटलं. "द्या" म्हणाली. सख्ख्या आईला. रडायला लागली. मी स्टुलावरून उठले नाही. दोन शिक्षक वऱ्हांड्यातून बघत होते. ते बघत होते म्हणून मी आणखी ताठ बसले.

पाचव्या तासाला मॉनिटर आली. मावशी, सातवीत फरशी पुसायला बोलावलंय. बादली घेतली, फडकं घेतलं, गेले. वर्ग हसत होता. मागून दुसरा बाक. मी खाली बसून पुसलं. तिच्या पायांपाशी पुसलं. पाय उचल म्हटलं. तिनं उचलले. वर तोंड करून पाहिलं नाही मी. मोजे भिजले होते.

घरी आल्यावर म्हटलं, सगळ्यांसमोर लाज आणलीस माझी.

माझी!

दोन दिवस हाताला धरून ओढत नेली. तिसऱ्या दिवशी तिनं दाराची चौकट धरली ती सोडली नाही. मग मीच सोडलं. आठवड्यानं इस्त्रीनं प्रार्थनेत माझं कौतुक केलं, साडेचारशे मुलं टाळ्या वाजवत होती, आणि माझी पोर घरी भांडी घासत होती. मी मान खाली घातली नाही. घंटा मारली. तास सुरू झाला.

वर्षाअखेरीला कारकुनानं विचारलं, "मावशी, तुमच्या मुलीचं कारण काय लिहू?"

म्हटलं, "बाकीच्यांचं काय लिहिता? तेच लिहा."

तिच्या डोक्यात अभ्यास शिरला नाही असं पुढे सगळे म्हणायला लागले. मी पण. मग ती पण. आता शिलाईच्या कारखान्यात शर्टांना बाह्या जोडते, आणि पोरीला शिकवलं तिनं. मी नाही. तिनं.

झालं. किळस आली आहे. आता जेवणार नाही.

१ जुलै, शनिवार

नातीचा गाईडबाईशी फोन. स्वयंपाकघरात सगळं ऐकू येतं.

"मॅडम, ते प्रकरण मी काढतेय… नाही, माहिती पुरेशी नाही… हो, मुलींनी सांगितलंय, पण ऐकीव आहे… सरांच्या मुलाखतीत विशेष काही निघालं नाही."

विशेष काही निघालं नाही!

पलीकडून गाईडबाई ओरडली, ती एवढी की फोनबाहेर मलाही ऐकू आली. "मग तुझ्या प्रबंधात उरलं काय? हजेरीचे तक्ते? त्याच एका प्रकरणासाठी मी तुला पुढे ढकलत होते! सतरा तारखेला आराखडा हवाय मला, काय तो विचार कर."

फोन ठेवून नात बाहेर आली. डोळे लाल. मला म्हणाली, "चहा टाकू आजी?" गोड आवाजात. आजारी माणसाशी बोलतात तशी.

असल्या गोडव्याचा मला तिटकारा आहे. किल्ली माझ्या गळ्यातून काढून हिनं आपल्या गळ्यात घातली. शिकलेली आहे म्हणून कुलूप दिसत नाही, एवढंच.

४ जुलै, मंगळवार

भांडण झालं. बरं झालं.

मी म्हटलं, "काढलंस ते?"

"काय?"

"माझ्याशी गाईडबाईसारखं बोलू नको. मावशीचं प्रकरण."

"आजी, त्यात तू आहेस."

"मग? आधी यादीत नव्हते म्हणून नाही. आता आहे म्हणून नाही. मी असायचं तरी कुठे?"

"लोक काय म्हणतील तुला!"

"नाव कुणाला माहीत आहे माझं? एकतीस वर्षांत एकानं विचारलं नाही. बदनामी व्हायला आधी नाव लागतं."

हसू आलं तिला, आणि रडू पण. नाक पुसत म्हणाली, "आणि आई वाचेल त्याचं काय? तिला कळेल."

"तिला कळेल? अगं, तिच्यावरच झालंय ते!"

"मग ती मला कधीच का नाही बोलली? मी इतकी वर्षं विचारते, आई तू शाळा का सोडलीस. म्हणते, नाही आवडायचं. तू सांग, का नाही बोलली?"

बहात्तर वर्षांत जीभ पहिल्यांदा रिकामी. वर्गात उभं केलेल्या मुलीसारखी उभी राहिले.

६ जुलै

आज मुद्दाम पाणी प्यायले नाही. सकाळी आठ ते दुपारी दोन. बाराला डोकं ठणकायला लागलं. एकाला नात काय बोलते तेच कळेना. आणि आम्ही म्हणायचो पोरींचं अभ्यासात लक्ष नाही.

८ जुलै, शनिवार

लेकीला फोन लावला. जेवणाच्या सुट्टीत लावला तरी मागे मशिनी चालू होत्या.

"काय गं आई? पडलीस का कुठे?"

"पडले नाही. तू शाळा का सोडलीस?"

मशिनींचा आवाज. नुसता मशिनींचा आवाज.

"पोरीनं काही विचारलं का तुला?"

"मी विचारते आहे."

"आता?" हसली. तसलं हसणं मला आवडत नाही, त्यात दात नसतात. "बत्तीस वर्षांनी आठवण झाली होय?"

"मला माहीत आहे तू का सोडलीस."

"मग विचारतेस कशाला?"

"तुझ्या तोंडून ऐकायचंय."

कुणीतरी तिला हाक मारली. ती म्हणाली, "फोनवर नाही. या रविवारी जादा काम आहे. पुढच्या रविवारी येते." आणि ठेवायच्या आधी म्हणाली, "आई, तू तेव्हा मोजे पण धुतलेस. दोरीवर वाळत घातलेस. पण बोलली नाहीस."

मोजे मला आठवत नव्हते. मी धुतले असतील. मी सगळंच धुवायची.

११ जुलै, मंगळवार

परत शाळेत गेले. या वेळी डबा-बिबा काही नाही. मधल्या सुट्टीत संडासाच्या पायरीवर जाऊन बसले, कुलपाला पाठ लावून.

सेविका आली. "मावशी, काय हे! मोठ्या बाई बघतील."

"बघू दे. नियम माझा आहे म्हणतेस ना? मग मोडायचा पण मीच. काढ किल्ली."

"मावशी, माझी नोकरी जाईल हो. मोठ्या बाईंची सही लागते आता. तुमच्या वेळचं वेगळं होतं."

"काही वेगळं नव्हतं. मला पण नोकरीच जायची भीती होती. ती आणि सोळा बादल्या, दोन्ही."

तिनं दोरी मुठीत धरली आणि उभी राहिली. मी तिला शिव्या देणार होते. पण तिच्याकडे बघताना मला स्टूल दिसलं, घंटा दिसली. तिच्या जागी मी काय दिलं असतं? शिव्या परत गिळल्या. घाण लागल्या.

आठवीच्या पोरी जमल्या. लांबूनच. एक धीट पुढे आली, दोन वेण्या, गुडघ्याला खरचटलेलं.

"तुम्ही कोण?"

"मावशी."

"कुठल्या मावशी?"

"नियमातली."

आधी खिदळल्या. एकमेकींना ढकललं. मग एकेक करून गप्प झाल्या. वेण्यावाली माझ्याकडे बघत राहिली, भूत बघितल्यासारखी, पण पळाली नाही. म्हणाली, "खऱ्या आहात तुम्ही? मग किल्ली द्या ना."

माझा हात गळ्याशी गेला. आपोआप! निवृत्त होऊन चौदा वर्षं झाली, दोरी नाही, किल्ली नाही, तरी हात गेला. जेव्हा होती तेव्हा दिली नाही. आता कुणी मागते आहे, आणि गळा रिकामा.

म्हटलं, "माझ्याकडे नाही गं."

"मग बसलात कशाला?"

बरोबर आहे. बसले कशाला? भोंगा वाजला, त्या गेल्या. पाय आवळून गेल्या. ती चाल मी कुठेही ओळखीन.

१२ जुलै

इस्त्री रस्त्यात भेटला. "काय मावशी, ठणठणीत ना?" पांढरा शर्ट, घडी तशीच. म्हटलं, "सर, तुम्ही माझं कौतुक केलं होतं, ते परत घ्या." त्याला कळलं नाही. टाळूवरून हात फिरवला आणि म्हणाला, "वय झालं आता, मावशी." माणूस इतका स्वच्छ कसा राहतो याची मला शिसारी आली.

१४ जुलै, शुक्रवार

आज कागद उलटा केला. आजपर्यंत कोऱ्या बाजूला लिहिलं. आज छापील बाजू.

तुझी प्रश्नावली भरते आहे, बाई. तुझ्या उशीवर ठेवीन, आधीची सगळी पानं खाली लावून. पहिल्यापासून वाच. सतरा तारखेला गाईडबाईला दे, हवी तर लाल शाई मारू दे.

गट : यादीत नाही. हातानं घातला आहे. शिपाई.

नाव : मावशी लिहू नको. माझं नाव शाळेच्या पगारपत्रकात आहे, तिथून घे. एकदा तरी कुणीतरी शोधू दे.

प्रश्न नऊ, स्वच्छतागृहाची व्यवस्था कोण पाहत असे : मी. हुकूम दुसऱ्याचा होता, हात माझा होता. दोन्ही लिही. एक गाळून दुसरं लिहू नको. आणि आता कुणाच्या गळ्यात किल्ली आहे ते मोठ्या बाईंच्या सहीसकट लिही, म्हणजे त्या वेण्यावालीला पाणी पिता येईल.

प्रश्न सतरा, मुलींनी शाळा सोडण्याचं कारण : ही जागा कोरी ठेवली आहे. याचं उत्तर कारकुनानं दिलं, इस्त्रीनं दिलं, मी पण एकदा देऊन बसले. तू देऊ नको. रविवारी तुझी आई येईल. तिच्यासमोर यंत्र ठेव, बटण दाब आणि गप्प बस. मी खोलीत असेन, पण बोलणार नाही. काय झालं ते तिनं सांगायचं, मला शिव्या द्यायच्या तर तिनं द्यायच्या, माफ करायचं की नाही तेही तिनंच ठरवायचं. मध्ये कुणी तोंड घालायचं नाही. उत्तर तिनंच द्यायचं.